कष्टाचं चीज

२०२४च्या फेब्रुवारीतली गोष्ट. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी टाकून हिंजवडीहून घरी आलो होतो. सकाळी गोठ्याच्या दारात उभा राहून आप्पांना मोबाइलवरची बातमी वाचून दाखवत होतो. नगरला लागूनच असलेल्या केडगावातल्या मॅकडोनाल्ड्सवर अन्न व औषध प्रशासनानं कारवाई केली होती. आक्षेप असा होता, की ज्या पदार्थांच्या नावात 'चीज' आहे त्यांतल्या काहींमध्ये चीजऐवजी चीजसारखाच दिसणारा दुसरा पदार्थ वापरलाय आणि गिऱ्हाइकाला तसं सांगितलेलं नाही. आप्पा धार काढून उठले, किटलीचं झाकण लावलं आणि विचारलं, "फॅट लावली होती का त्याची?"

तेव्हा मला हसू आलं. नंतर मात्र हाच प्रश्न डोक्यात राहिला. बर्गरच्या चवीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. यूट्यूबवर तर रोज एक नवा. मला बर्गरच्या दुकानातला बोर्ड वाचायचाय. तोही एक मजकूरच आहे, आणि आपण पुस्तकं वाचतो त्यापेक्षा जास्त वेळा तो वाचतो. मग त्याची समीक्षा का करू नये?

आधी केडगावचं प्रकरण पूर्ण सांगतो, कारण व्हॉट्सॲपवर त्याचं अर्धंच फिरलं. तपासणी २०२३च्या अखेरीस झाली आणि गोष्ट परवाना निलंबित करण्यापर्यंत गेली. त्यानंतर मेनूतली काही नावं बदलली. बातम्यांत आलं त्याप्रमाणे 'ब्लूबेरी चीजकेक'चा 'ब्लूबेरी केक' झाला, 'चीजी नगेट्स'चे 'व्हेज नगेट्स' झाले आणि 'कॉर्न अँड चीज' बर्गरचा 'अमेरिकन व्हेज' बर्गर झाला. बातमी फुटल्यावर वेस्टलाइफ फूडवर्ल्डचा, म्हणजे पश्चिम आणि दक्षिण भारतात मॅकडोनाल्ड्स चालवणाऱ्या कंपनीचा, शेअर घसरला. आपण खरंच चीज वापरतो असं कंपनीनं ठामपणे सांगितलं, आणि काही दिवसांतच एफएसएसएआयनंही आपल्या म्हणण्याला दुजोरा दिल्याचं जाहीर केलं. त्यामुळे इथं कुणाला गुन्हेगार ठरवायचा माझा इरादा नाही. मला नवल वाटलं ते एका शब्दाच्या वजनाचं. केडगावच्या एका बोर्डावरचे दोन अक्षरांचे वाद मुंबईच्या शेअर बाजारापर्यंत पोचले.

हे असं का व्हावं, यासाठी थोडं मागं जावं लागेल.

मॅकडोनाल्ड्स भारतात आलं ऑक्टोबर १९९६मध्ये. आधी दिल्ली, मग लगेच मुंबईत वांद्र्याला. बीफ आणि पोर्क सोडून धंदा करायचा तर जुना मेनू कामाचा नव्हता. १९९८मध्ये 'मॅकआलू टिक्की' आली आणि बर्गर म्हणजे बटाट्याची टिक्की घातलेला पाव, हे समीकरण आपल्या पिढीच्या डोक्यात बसलं. २००४मध्ये वीस रुपयांपासूनचा मेनू आला. तेव्हाचा धंदा सरळ होता: स्वस्त वस्तू, एसीची हवा, स्वच्छ संडास आणि कुणी उठवत नाही अशी खुर्ची.

या स्वस्ताईमागं जे उभं राहिलं, त्याचं मला इंजिनिअर म्हणून अजूनही कौतुक वाटतं. आइसबर्ग लेट्युस तळेगावच्या त्रिकाया कंपनीकडून, टिक्क्या तळोज्याच्या व्हिस्टाच्या कारखान्यातून, चीज बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून. नकाशा काढला तर अमेरिकी बर्गर पुणे-रायगडच्या पट्ट्यातच तयार होत होता. गाड्या वेळेवर, थंडाव्याची साखळी कुठंही न तुटणारी, प्रत्येक घटकाचं ठरलेलं मोजमाप. वांद्र्याला खा नाहीतर केडगावला, घास तोच. खरा माल हा सारखेपणा होता. बर्गर त्याचं वेष्टन.

पण घास सगळीकडं सारखा झाला, की शेजारच्या साखळीपेक्षा वेगळं काय विकणार? तिथून पुढं हा धंदा नावांचा झाला. तीन उदाहरणं देतो.

२००१मध्ये धीरज गुप्तांनी मालाड स्टेशनजवळ वडापावचं दुकान टाकलं. त्याचीच पुढं 'जम्बोकिंग' साखळी झाली. दुकानं वाढली, आणि पुढं या साखळीनं स्वतःची ओळख 'इंडियन बर्गर' अशी करून दिली. बटाटा आणि पाव जागेवरच राहिले, शब्द बदलला. वडापाव म्हटलं की गिऱ्हाइकाच्या डोक्यात पंधरा-वीस रुपयांचा आकडा येतो. बर्गर म्हटलं की तोच आकडा वर सरकतो. मला यात फसवणूक दिसत नाही, पण आपल्याच वस्तूचं आपलंच नाव कमी पैशांचं ठरतं, हे बोचतं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. १९९२पासून एका इराणी दांपत्याचं 'बर्गर किंग' नावाचं हॉटेल तिथं होतं. अमेरिकेतल्या बर्गर किंग कंपनीनं २०११मध्ये त्यांच्यावर दावा लावला, तेव्हा कंपनीचं भारतात एकही दुकान नव्हतं. पहिलं उघडलं नोव्हेंबर २०१४मध्ये, दिल्लीला. ऑगस्ट २०२४मध्ये पुण्याच्या न्यायालयानं दावा फेटाळला. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत हॉटेलला ते नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या मनाईला स्थगिती दिली. एवढ्या वर्षांच्या भांडणात बर्गर कसा लागतो हा मुद्दा कुठंच नाही. भांडण दोन शब्दांच्या मालकीचं.

तिसरं टोमॅटोचं. २०२३च्या मे महिन्यात आपल्याकडं भाव पडला म्हणून शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते, आणि जुलैत तोच टोमॅटो दोनशे रुपये किलोच्या घरात गेला. ऑगस्टमध्ये बर्गर किंगनं आपल्या बर्गरमधून टोमॅटो काढला आणि टोमॅटोलाही सुट्टी लागते अशा अर्थाची पाटी लावली. पाटी गमतीची होती, मीही फॉरवर्ड केली. पण बघा, आतली वस्तू गेली आणि नाव राहिलं.

आमच्या कामात याला समांतर गोष्ट आहे. फंक्शनचं नाव तेच ठेवून आतला कोड बदलता येतो. बाहेरून वापरणाऱ्याला कळत नाही, कळायची गरजही नसते; पण एका अटीवर. नावानं जे देईन म्हटलंय, ते दिलं पाहिजे. ते बदलणार असेल तर नाव बदला, आणि बदललं हे आधी सांगा. न सांगता बदललेला कोड ज्यांच्या अंगावर येतो, ते रात्री दोन वाजता उठून लॅपटॉप उघडतात. मी उठलोय.

आता आप्पांच्या प्रश्नाकडं येतो.

आमच्या घरी सात गाई आहेत. सकाळ-संध्याकाळ किटली संकलन केंद्रावर जाते. तिथं मशीन दूध ओढून घेतं आणि पावती बाहेर फेकतं: लिटर, फॅट, एसएनएफ, दर. गाईच्या दुधाचं माप ठरलेलं आहे: ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ. पॉइंट घसरला की दर घसरतो. उन्हाळ्यात चारा कमी पडला, गाय आजारी पडली, कारण काहीही असो. मशीन कारण विचारत नाही. दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो, त्यात सगळी कपात वजा होऊन येते. आप्पांच्या दुधाला 'दूध' हे नाव दिवसातून दोनदा सिद्ध करावं लागतं.

आणि केडगावची तपासणी झाली तो काळ दुधाच्या दृष्टीनं कसा होता? जुलै २०२३मध्ये सरकारनं याच मापाच्या दुधाला लिटरमागे किमान ३४ रुपये दर ठरवला. हिवाळ्यापर्यंत हातात पंचवीस-सत्तावीस रुपये पडायला लागले. जानेवारी २०२४मध्ये पाच रुपयांचं अनुदान जाहीर झालं, त्यातही माप तेच, ३.५ आणि ८.५. जुलै २०२४मध्ये अकोले तालुक्यातल्या कोतूळला दूध उत्पादक ४० रुपये दरासाठी आंदोलनाला बसले.

एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं. दुधाची चरबी काढून तिथं वनस्पती तेल घातलेला, चीजसारखा दिसणारा पदार्थ बाजारात मिळतो आणि तो स्वस्त पडतो. तो विकणं बेकायदा नाही. त्याला चीज म्हणणं बेकायदा आहे. म्हणजे बोर्डावरचा 'चीज' हा शब्द शहरातल्या खवय्याच्या हौसेपुरता नाही. तो शब्द खरा असेल तर त्यामागं दहा लिटर दुधाची मागणी उभी असते. तो कुठं पोकळ झाला, तर तेवढी मागणी कुणालाही न कळता नाहीशी होते आणि दुधाचा जिल्हा म्हणवणाऱ्या आमच्याकडं पगाराच्या पावतीवर उतरते. ही नियमाची ओळ दूध उत्पादकाचीही राखण करते. कोतूळच्या भाषणांत आणि केडगावच्या बातमीत मला एकच धागा दिसतो तो इथं.

यावर माझ्या मित्रानं मला झापलं. म्हणाला, "मोठी साखळी दिसली की सगळे तुटून पडतात. कॉलेज रोडच्या गाड्यावर 'एक्स्ट्रा चीज'च्या नावाखाली काय किसून घालतात, ते कधी विचारलंस का?" त्याचं खरं आहे. मी कधी विचारलं नाही. गाडीवाल्याला त्याचं मोजून मापून कळवणारा पुरवठादार नाही, प्रयोगशाळा नाही, आणि त्याच्या चीजवर बातमीही होत नाही. साखळीला निदान जाब विचारता येतो. चारशेच्या पुढं दुकानं असलेल्या कंपनीला उत्तर द्यावं लागतं, आणि तिनं ते दिलं. पण म्हणूनच तिच्याकडून जास्त मागायचं. जी सारखेपणा विकते, तिनं शब्दही सारखेच वापरले पाहिजेत.

आणि ते जमतं, हेही दिसलंय. जुलै २०२५मध्ये याच कंपनीनं म्हैसूरच्या सीएफटीआरआयच्या मदतीनं बर्गरमध्ये घालायचा एक नवा स्लाइस आणला. सोया आणि वाटाण्याच्या प्रथिनांचा, जादा पैसे देऊन घ्यायचा. त्याला नाव दिलं 'प्रोटीन प्लस'. जिममधली पोरं तो आनंदानं घेतात. दुधाचा नाही, हे सांगूनही तो विकला जातो. खरं नाव सांगितलं तर धंदा बुडतो, ही भीती मग उरली कशाला?

माझी मागणी एवढीच, साखळीकडं आणि गाड्याकडंही: बोर्डावर चीज लिहायचं तर ते दुधाचं, नसेल तर दुसरा शब्द. मराठीत लिहिलंत तर आणखी बरं, म्हणजे आप्पांनाही वाचता येईल.

परवा घरी गेलो तेव्हा केंद्रावर मीच किटली घेऊन गेलो. मशीननं दूध ओढलं, पावती आली: फॅट ३.६. आप्पांना दिली. त्यांनी चष्मा न लावता, लांब धरून वाचली आणि खिशात ठेवली. "कष्टाचं चीज झालं," ते म्हणाले. मराठीत या शब्दाचा हा अर्थ बर्गर यायच्या फार आधीपासून आहे.