स्टीफन हॉपकिन्सचा कुलशोध : नामसाम्य आणि पुरावा

प्रस्तावना : अमेरिकेतील आद्य वसाहतकारांच्या वंशावळी हा तेथील अनेक घराण्यांच्या अभिमानाचा विषय आहे. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने आलेल्यांच्या वंशजांची संस्था १८९७ मध्ये स्थापन झाली आणि पूर्वजशोधाला सामाजिक प्रतिष्ठा लाभली. अशा वातावरणात पुराव्याआधीच निष्कर्ष ठरण्याचा धोका संभवतो. याच जहाजावरील स्टीफन हॉपकिन्सच्या कुलशोधाची या दृष्टीने चिकित्सा करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

विवेचन : हॉपकिन्स ग्लॉस्टरशायरमधील वॉटन-अंडर-एज परिसराचा व त्याची पहिली पत्नी कॉन्स्टन्स डडली, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९९८ मध्ये कॅलेब जॉन्सन यांनी ‘द अमेरिकन जिनिऑलॉजिस्ट’ या नियतकालिकात हे मत खोडून काढले. हॅम्पशायरमधील हर्सली येथील चर्चच्या नोंदवहीत त्यांना एलिझाबेथ (१६०४), कॉन्स्टन्स (१६०६) व जाइल्स (१६०८) या हॉपकिन्सच्या अपत्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आढळल्या. यांपैकी कॉन्स्टन्स व जाइल्स हीच भावंडे पुढे मेफ्लॉवरवर दिसतात. एका नावाचे साम्य योगायोग असू शकते. परंतु पिता व दोन अपत्ये यांची नावे, वये आणि क्रम एकत्र जुळणे हा पुराव्याचा वेगळाच दर्जा आहे. जॉन्सन यांच्या मांडणीचे खरे बळ येथे आहे.

तथापि एक दुवा चिकित्सेस पात्र ठरतो. हर्सलीची मेरी हॉपकिन्स १६१३ मध्ये मरण पावली. तिच्या मालमत्तेच्या यादीत तिला ‘विधवा’ म्हटले आहे. प्रत्यक्षात पती हयात होता. १६०९ मध्ये बर्म्युडाजवळ फुटलेल्या ‘सी व्हेंचर’ जहाजावरील हॉपकिन्स तोच असावा व तो मृत झाल्याचा समज झाला असावा, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते सयुक्तिक आहे. मात्र बर्म्युडातील हॉपकिन्स तोच, हे ठरविण्यासाठी पुन्हा ‘विधवा’ या शब्दाचाच आधार घेतल्यास युक्तिवाद चक्राकार होतो. हा दुवा स्वतंत्र पुराव्यावरच तपासला पाहिजे.

पुढील संशोधनात अप्पर क्लॅटफर्ड येथील १५८१ मधील बाप्तिस्म्याची नोंद आणि जॉन हॉपकिन्स हा पिता पुढे आला. हे पितृत्व मांडताना संशोधकाने ‘संभाव्य’ हा शब्द वापरला, हा संयम अनुकरणीय आहे.

निष्कर्ष : चुकीची वंशावळ केवळ एक खोटे नाव जोडत नाही, ती खऱ्या व्यक्तीला विस्थापित करते. डडली या वजनदार आडनावामागे तीन लहान मुले मागे ठेवून गेलेली मेरी झाकली गेली होती. तिचे नाव इतिहासाला परत मिळाले, हे या संशोधनाचे मोल कोणत्याही कुलीन पूर्वजापेक्षा अधिक आहे.