‘प्रतिरोधक’ रबर : एका वाक्याची तपासणी

एनसीईआरटीच्या बारावीच्या रसायनशास्त्रात ब्यूना-एन रबराच्या वाट्याला जेमतेम तीन-चार ओळी आल्या होत्या. ते ब्यूटाडाईन व ॲक्रिलोनायट्राइलपासून बनते. पेट्रोल, वंगणतेल आणि कार्बनी द्रावके यांना ते प्रतिरोधक असते. म्हणून त्याची ऑईल सील करतात, असा त्यांचा आशय. अलीकडच्या फेररचनेत बहुवारिकांचे हे सबंध प्रकरणच गळाले. तरी मिहानमध्ये जेथे विमानांची देखभाल होते त्या नागपुरातही हे वाक्य शिकवण्यांच्या टिपणांतून पाठ केले जाते. आमची तक्रार ‘प्रतिरोधक’ या शब्दाबद्दल आहे.

एक तर ‘कार्बनी द्रावके’ फारच सैल. ॲसिटोनही कार्बनीच, आणि त्यात ब्यूना-एन चांगलेच फुगते. ध्रुवीय नायट्राइल गट अध्रुवीय हायड्रोकार्बनांना दूर ठेवतो, ध्रुवीय ॲसिटोनला नव्हे. हे विद्यार्थ्याला स्वतः ताडता आले असते.

पण खरी गंमत पुढेच आहे. विमानाच्या इंधनात हे रबर थोडे फुगतेच, आणि ते फुगावे अशीच अपेक्षा असते! जेट ए-१ मध्ये सुमारे २५ टक्क्यांपर्यंत अरोमॅटिक चालतात. हे रेणू रबरात शिरतात, सील फुगते आणि खोबणीत घट्ट बसते. नुसत्या पॅराफिनांना हे तितकेसे जमत नाही. १९ मे २०२३ रोजी पुण्याच्या प्राज कंपनीचे जैवइंधन मिसळून पुणे-दिल्ली प्रवासी विमान उडाले, तेव्हा बातम्यांत कार्बनची बचत आली, सीलचा प्रश्न आला नाही. अल्कोहोलपासून केलेल्या पॅराफिनी इंधनात अरोमॅटिक जवळजवळ नसतात. वापरून फुगलेले जुने सील अशा निव्वळ इंधनात आले, की आतले रेणू बाहेर पडतात, सील आक्रसते, गळती होऊ शकते. म्हणूनच अशा मिश्रणात किमान ८ टक्के अरोमॅटिक असावेत, अशी अट घातलेली आहे.

मग ॲक्रिलोनायट्राइलचे प्रमाण वाढवून फुगणेच का थांबवू नये? कारण त्याने रबर थंडीत ताठरते. मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांत तापलेले विमान अर्ध्या तासात उणे ५० अंशांच्या हवेत पोचते. फ्लोरोकार्बन रबर इंधनात फारसे फुगत नाही, पण थंडीपुढे तेही हळवेच. ही ओढाताण पुस्तकात दोन ओळींत मावली असती.

शिक्षकांनी मोटार दुरुस्तीच्या दुकानातून नायट्राइलची ओ-रिंग आणावी. ती आणि एक साधा रबरबँड वेगवेगळ्या झाकणाच्या बाटल्यांत, डिझेलमध्ये आठवडाभर ठेवावा (रॉकेल हल्ली सहज मिळत नाही; ज्योत मात्र दूर हवी). जाडी रोज व्हर्नियरने मोजावी. रबरबँडचे काय होते ते दोनच दिवसांत दिसेल. ओ-रिंग नंतर पुसून आठवडाभर उघड्यावर ठेवावी आणि पुन्हा मोजावी.