हुद्दा रानात उतरतो का?

आता जेन हार्परच्या 'फोर्स ऑफ नेचर' या २०१७च्या कादंबरीकडे वळू. मेलबर्नची एक घरगुती मालकीची कंपनी पाच महिला कर्मचाऱ्यांचा गट 'टीम बिल्डिंग'साठी गिरालांगच्या डोंगररानात पाठवते. मोबाइल न्यायची परवानगी नाही. परततात चौघी, ॲलिस रसेल येत नाही. ही ॲलिस आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या एरन फॉकला कंपनीची कागदपत्रं गुपचूप पुरवत होती.

आपण वाचताना गुन्हेगार शोधत बसतो. पण खरा ताण आम्हाला दुसरीकडे दिसतो. एकीकडे शोध, दुसरीकडे त्या पाचजणींचा एकेक दिवस, अशी प्रकरणं आलटून पालटून येतात. वाट चुकली की प्रश्न उरतो, नकाशा कुणाच्या हातात आणि 'नाही' म्हणायची हिंमत कुणाची? जिल बेली मालकांच्या घरातली, बेथ अगदी खालच्या जागेवरची. रानात हुद्दा गळून पडतो म्हणतात. इथे तो सॅकबरोबर पाठीवर येतो.

कमी पडतं ते मार्टिन कोवॅक या जुन्या खुन्याच्या सावलीत. ती भीती उसनी वाटते; या पाचजणी एकमेकींना पुरेशा आहेत.

आणि फॉक? ॲलिस मागे सरू पाहते, तरी त्याला कागद हवेतच. म्हणजे कंपनी तिला वापरते, कायदाही वापरतो. खरं सांगायला माणूस पुढे करायचा, पण त्याला सांभाळायचं कुणी, हे ठरवायचंच नाही. हे आपल्याला परकं आहे का? शेवट सांगत नाही. पण वाचाल तेव्हा हा हिशेब आधी मांडा.