तीन हजार पौंड आणि उधळलेली नाणी : ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’चे माध्यमांतर

अभिजात कादंबरीवर आधारलेल्या चित्रपटाची चर्चा बहुधा ‘मूळाशी निष्ठा’ या एकाच निकषाभोवती फिरत राहते. जॉर्ज ब्लूस्टोन यांनी 1957 मध्येच कादंबरी आणि चित्रपट या दोन माध्यमांचे स्वभाव मुळातून भिन्न असल्याचे दाखवून दिले होते. लिंडा हचन यांनी 2006 मध्ये रूपांतर ही दुय्यम निर्मिती नसून स्वतंत्र अर्थनिर्णयन आहे, अशी मांडणी केली. तरीही निष्ठेचा प्रश्न मागच्या दाराने परत येतोच. तो नाकारण्यापेक्षा वेगळ्या रीतीने विचारावा, असे प्रस्तुत लेखात सुचवायचे आहे. मूळ कृतीतील कोणता अस्वस्थ करणारा प्रश्न रूपांतराने जिवंत ठेवला आणि कोणता मिटवून टाकला? जेन ऑस्टिन यांची 1811 मधील ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ ही कादंबरी आणि अँग ली यांनी 1995 मध्ये केलेला तिचा चित्रपट यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

शीर्षकातील दुसरा शब्द मराठीत आणणे सोपे नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘सेन्सिबिलिटी’ या संज्ञेत भावनाशीलता, काव्यनिसर्गाच्या आस्वादाची क्षमता आणि दुसऱ्याच्या दुःखाने द्रवण्याची वृत्ती हे सारे सामावलेले होते. आपल्या काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ ही संकल्पना तिच्या काहीशी जवळ जाते. त्यामुळे थोरली एलिनॉर म्हणजे विवेक आणि धाकटी मेरिअ‍ॅन म्हणजे भावना, ही प्रचलित विभागणी अपुरी पडते. एलिनॉरही उत्कटपणे दुःख भोगते. ते व्यक्त करण्याचा अधिकार मात्र ती स्वतःला देत नाही. कादंबरीत हे आपल्याला कळते ते मुक्त अप्रत्यक्ष निवेदनामुळे. निवेदकाचा उपरोध आणि पात्राचे मन एकाच वाक्यात परस्परांत मिसळतात. कॅमेऱ्याजवळ असे वाक्य नसते.

एमा थॉम्पसन यांच्या पटकथेला रूपांतरित पटकथेचे ऑस्कर मिळाले, आणि तिचे सामर्थ्य आरंभीच प्रत्ययाला येते. मृत्युशय्येवरील वडिलांना दिलेल्या वचनाप्रमाणे जॉन डॅशवुड आपल्या तीन सावत्र बहिणींना तीन हजार पौंड देण्याचे ठरवतो. पत्नी फॅनी ती रक्कम क्रमाक्रमाने कमी करीत जवळजवळ शून्यावर आणते. कादंबरीत हा एका बैठकीतील संवाद आहे. चित्रपटात तो शोकवेष चढवताना सुरू होतो आणि प्रवासात पुढे सरकतो. घोडागाडी नॉरलंडच्या दिशेने जाते तसतसा आकडा खाली येतो. निवेदकाचा उपरोध येथे संकलनाच्या लयीत उतरला आहे. चार स्त्रियांना वर्षाला पाचशे पौंडांवर जगायचे आहे, हे वास्तव प्रेक्षकाच्या मनावर ठसल्यानंतरच प्रेमकथा सुरू होते.

‘ईट ड्रिंक मॅन वुमन’ (1994) या चित्रपटात एक पिता आणि तीन मुली यांच्यातील न बोललेल्या गोष्टींचा शोध घेणारे ली हे तैवानमध्ये जन्मलेले दिग्दर्शक. इंग्लिश संयमाचे चित्रण त्यांना परके वाटले नसावे. विलोबी अकस्मात निघून गेल्यावर मेरिअ‍ॅन, आई आणि धाकटी मार्गारेट आपापल्या खोल्यांत रडू लागतात. बंद दारांमागून हुंदके ऐकू येतात आणि एलिनॉर जिन्यावर बसून हातातला चहा पिऊ लागते. कॅमेरा तिच्यापासून अंतर राखून आहे. प्रसंग हास्यास्पद आहे आणि करुणही. मुक्त अप्रत्यक्ष निवेदनातून साधणारी दुहेरी दृष्टी येथे केवळ अवकाशाच्या रचनेतून साधली आहे. माध्यमांतराचे यश असेल तर ते अशा स्थळी आहे. हुबेहूब वेशभूषेत किंवा डेव्हनच्या हिरव्या टेकड्यांत नव्हे.

परंतु उत्तरार्धात चित्रपट एक मोठी निवड करतो. कादंबरीत मेरिअ‍ॅन आजारी असताना विलोबी रात्री क्लीव्हलंडला येतो आणि एलिनॉरपाशी दीर्घ कबुली देतो. ज्याने बहिणीला फसवले, पन्नास हजार पौंडांसाठी दुसरीशी लग्न केले, त्याच्याविषयी एलिनॉरच्या मनात स्वतःलाही न पटणारी अनुकंपा निर्माण होते. शीर्षकातील द्वंद्व खऱ्या अर्थाने मोडते ते या प्रकरणात. चित्रपटाने ही भेट संपूर्णपणे वगळली आहे. विलोबीचे प्रेम खरे होते, ही ग्वाही येथे कर्नल ब्रँडन देतो. परिणामी एलिनॉरच्या नैतिक अनुभवाची गुंतागुंत कमी होते आणि ब्रँडनच्या उदारतेत भर पडते.

ही भर सहेतुक आहे. कादंबरीतील ब्रँडन पस्तिशीचा, मेरिअ‍ॅन सतरा वर्षांची. त्यांच्या विवाहाचे वर्णन ऑस्टिन विलक्षण थंडपणे करतात. आई, बहीण आणि मेहुणा यांनी जणू एकजुटीने तिला ब्रँडनच्या सद्गुणांचे पारितोषिक ठरवलेले असते. एकोणिसाव्या वर्षी ती नव्या कर्तव्यांत स्थिरावते, आणि तिचे प्रेम यथावकाश जुळून येते. हा सुखान्त आहे की शरणागती, हे निवेदक ठामपणे सांगत नाही. चित्रपटात मात्र अ‍ॅलन रिकमन यांचा आवाज, पावसातून मेरिअ‍ॅनला उचलून आणणे, बागेतील काव्यवाचन आणि भेट म्हणून पाठवलेला पियानो यांनी हे अंतर भरून काढले आहे. ज्या विवाहात मूळ लेखिकेने शंका ठेवली होती, तो येथे प्रणय झाला आहे.

अखेरच्या दृश्याकडे या दृष्टीने पाहावे. विवाहानंतर ब्रँडन मूठभर नाणी हवेत उधळतो, आणि दूर टेकडीवर घोड्यावर बसलेला विलोबी ते पाहतो. ज्या पैशाच्या हिशेबाने चित्रपटाचा आरंभ झाला, तोच पैसा शेवटी उत्सवाचा वर्षाव होऊन चमकतो. दृश्य म्हणून ते अविस्मरणीय आहे. पण तीन हजार पौंडांचे जे क्रूर अंकगणित आपण पाहिले, त्याचे उत्तर मिळालेले नसते. ते केवळ उजळून निघते. अँड्र्यू हिगसन यांनी वारसा-चित्रपटांविषयी मांडलेला आक्षेप, की सामाजिक टीका दृश्यसौंदर्यात विरघळून जाते, येथे अंशतः तरी लागू पडतो.

येथे राजीव मेनन यांचा तमिळ ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ (2000) तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. देवलांनी ‘झुंझारराव’मध्ये ‘ऑथेल्लो’ला मराठी वेष चढवला, त्याच जातीचे हे देशीकरण आहे. वारसाहक्काच्या फटक्याने चेट्टिनाडमधील वाडा सोडून कुटुंब चेन्नईला येते. तब्बूने साकारलेली सौम्या संगणकक्षेत्रात नोकरी करते. ऐश्वर्या रायची मीनाक्षी पार्श्वगायिका होते. श्रीलंकेत पाय गमावलेला मेजर बाला ब्रँडनच्या जागी आहे. गाणी, नृत्ये आणि ताऱ्यांचे वलय यांमुळे हा चित्रपट मूळ पाठापासून कितीतरी दूर वाटतो. परंतु अर्थकारणाच्या बाबतीत तो अधिक प्रामाणिक आहे, असे म्हणता येईल. ऑस्टिन यांच्या नायिकांना जो मार्ग उपलब्ध नव्हता, तो येथे खुला आहे; म्हणून विवाह हा उपजीविकेचा एकमेव उपाय राहत नाही आणि मीनाक्षीची निवड ही बऱ्याच अंशी निवड ठरते. काळ बदलल्यामुळे सुखान्ताला जो आधार मिळाला, तो ली यांच्या कालनिष्ठ चित्रपटाला केवळ भावनेतून उभा करावा लागला.

तात्पर्य, काळाचा तपशील जपणारे रूपांतर मूळ प्रश्नाला अधिक जवळचे असतेच असे नाही. एलिनॉर अखेरीस एडवर्डसमोर ज्या आवेगाने रडते, तो क्षण थॉम्पसन यांच्या अभिनयाने थरारक केला आहे. कादंबरीतील एलिनॉर मात्र खोलीतून बाहेर पळते आणि दार लावून घेतल्यावरच रडते. ते दार उघडणे ही चित्रपटाची उपलब्धी आहे आणि मर्यादाही. तौलनिक अभ्यासकाने आत दिसणाऱ्या अश्रूंइतकेच लक्ष बाहेर उधळलेल्या नाण्यांकडे द्यावे. ती कोणाच्या खिशातून आली आणि ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांना काय स्वीकारावे लागले, हे विचारण्याचे काम अजून शिल्लक आहे.