स्टोरीबोर्ड

स्टोरीबोर्ड : चित्रपटातील प्रसंगाचे प्रत्यक्ष चित्रण करण्यापूर्वी त्यातील शॉट क्रमाने रेखाटून तयार केलेली चित्रमालिका. प्रत्येक चौकटीत पात्रांची मांडणी, कॅमेऱ्याचे अंतर व कोन दाखवितात. हालचालीची दिशा बाणांनी दर्शवितात आणि खाली शॉटचा क्रमांक, संवाद वा ध्वनी यांची नोंद करतात. काय घडते ते पटकथा सांगते. ते कोठून पाहावयाचे, हे स्टोरीबोर्डमध्ये ठरवावे लागते. त्याचे मूल्य या निर्णयावर अवलंबून असते, रेखाटनाच्या सफाईवर नव्हे.

रेखाटने फलकावर ओळीने टाचून पाहण्याची पद्धत १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत वॉल्ट डिझ्नी यांच्या स्टुडिओत रुळली. महाराष्ट्रात त्यापूर्वीच कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे वेशभूषा, पात्रे व त्यांच्या हालचाली चित्रणाआधी रेखाटून घेत. नाटकांचे पडदे रंगविण्यापासून त्यांच्या कारकीर्दीस आरंभ झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या सैरंध्रीपासून (१९२०) त्यांची चित्रकाराची दृष्टी चित्रपटाच्या चौकटीत उतरली. सिंहगडमध्ये (१९२३) त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. अशा चित्रणात दिवे कोठे ठेवावयाचे हे आधी ठरवावेच लागते. त्यामुळे पूर्वरेखाटन ही तेथे हौस न राहता गरज ठरते. तथापि रंगविलेला पडदा समोर बसलेल्या एका स्थिर प्रेक्षकासाठी असतो, तर चित्रपटात एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जावे लागते. बाबूरावांचे बहुतेक मूकपट नष्ट झाले आहेत. उरलेल्या स्थिरचित्रांवरून त्यांच्या दृश्यरचनेची जी स्तुती केली जाते, ती चौकटीची स्तुती होय. चौकटींच्या जोडणीविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. मराठी चित्रपटसमीक्षेत हा भेद फारसा पाळला जात नाही.

हा भेद किती मूलभूत आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात, समजा जामसर येथे, तारपा नृत्य चित्रित करावयाचे आहे. तारपा वाजविणारा मध्यभागी असतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. अलीकडच्या बाजूचे नर्तक डावीकडून उजवीकडे सरकत असतील, तर पलीकडचे उजवीकडून डावीकडे सरकतात. दोन्ही बाजूंची समीपदृश्ये एकापुढे एक जोडली, तर एकच साखळी परस्परविरुद्ध दिशांनी चाललेल्या दोन टोळ्यांसारखी भासेल. कॅमेरा हालचालीच्या रेषेच्या एकाच बाजूस ठेवावा, हा सर्वसाधारण नियम येथे अपुरा पडतो. कारण वर्तुळात ती रेषाच सतत वळत असते. कागदावर बाण काढताच हा दोष उघड होतो. मग मध्ये संपूर्ण वर्तुळाचे दूरदृश्य घालावे, की तारपा वाजविणाऱ्याजवळून कॅमेरा साखळीबरोबर फिरवावा, हे चित्रणापूर्वीच ठरविता येते. संकलनाच्या टेबलावर हा दोष लक्षात आला, तर तोवर नर्तक घरी गेलेले असतात.

वारली चित्रकारांनी हेच नृत्य भिंतीवर अनेकदा रेखाटले आहे. नर्तकांचे वर्तुळ तेथे उंचावरून पाहिल्यासारखे असते, परंतु त्रिकोणी देहाचा प्रत्येक नर्तक मात्र समोरून दिसतो. दोन दृष्टिकोन असे एकत्र आणण्याची मुभा चित्राला आहे. प्रत्यक्षात कॅमेरा उंचावर नेल्यास डोकी व खांदेच दिसतील. म्हणून अशा चित्राची हुबेहूब नक्कल स्टोरीबोर्डमध्ये उतरविणे हे लोककलेच्या आदराचे लक्षण मानले, तरी कॅमेरा कोठे उभा आहे या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

स्टोरीबोर्ड नेमका पाळलाच पाहिजे असे मात्र नाही. सत्यजित राय यांनी पथेर पांचालीसाठी (१९५५) रेखाटनांची वही तयार केली होती. १९५२ मध्ये काशगवताच्या माळावरील प्रसंगाचा काही भाग चित्रित करून ते पुन्हा तेथे गेले, तेव्हा गुरांनी तुरे खाऊन टाकले होते आणि पुढील हंगामाची वाट पाहावी लागली. गुरांचा बंदोबस्त कोणत्याही रेखाटनाने होत नाही. परंतु अशा खंडानंतर काम पुन्हा सुरू करताना पात्र कोणत्या दिशेने चालत होते आणि कॅमेरा किती अंतरावर होता, याची नोंद हाताशी असणे फार मोलाचे असते. हवामानावर विसंबून, स्टुडिओपासून दूर चित्रण करणाऱ्या अल्प भांडवलाच्या निर्मात्यास स्टोरीबोर्डचा खरा उपयोग येथे होतो; त्यासाठी काडीसारख्या आकृत्या व चार बाण पुरतात.