काचेच्या छताखाली क्रूस

काच आणि लोखंड यांच्या प्रदर्शनगृहांनी कलेला काय दिले, याचा विचार करताना १८५१ सालच्या लंडनकडे वळावे लागते. हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टन यांनी ‘क्रिस्टल पॅलेस’ उभारला. पॅक्स्टन मूळचे उद्यानतज्ज्ञ. वनस्पतींसाठी काचगृहे बांधण्याचा अनुभव त्यांच्या कामी आला. सुमारे १८५० फूट लांबीची ही वास्तू कारखान्यात घडविलेले एकसारखे भाग जोडून काही महिन्यांतच पूर्ण झाली. जाड भिंती गेल्या आणि शिल्पांना दिवसाचा मोकळा उजेड लाभला. एक शिलिंग देऊन सामान्य माणूसही ती पाहू लागला. हे देणे लहान नव्हे.

याच छताखाली ऑगस्टस प्यूजिन यांचे ‘मध्ययुगीन दालन’ होते. कॅथलिक श्रद्धा स्वीकारलेल्या या वास्तुविशारदाला काचेची ही इमारत मुळीच रुचली नव्हती. तरीही ख्रिस्तमंदिरासाठी घडविलेले बाप्तिस्माकुंड, क्रूस आदी वस्तू त्यांनी तेथे मांडल्या. १८५० साली इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मप्रांतांची पुनःस्थापना झाल्याने वातावरण तापलेले होते. त्या क्रूसावर आक्षेप घेतला गेला.

आमच्या मते हा आक्षेप कडवट असला तरी त्यात क्रूसाची एक प्रकारे ओळखच होती. आक्षेपकांनी त्यास केवळ कारागिरीचा नमुना मानले नाही. खरा धोका होता तो कौतुकाने पाहून पुढे सरकणाऱ्या नजरेचा. मंदिरातील उजेड वेदीकडे बोट दाखवितो. काचगृहातील उजेड सर्वांवर सारखाच पडतो. त्यात बाप्तिस्माकुंड आणि वाफेचे यंत्र शेजारी शेजारी केवळ प्रेक्षणीय ठरतात. अशा वास्तूत कला अधिक स्पष्ट दिसते, परंतु ती कशासाठी घडली हे दिसेनासे होते. आपल्या धर्मग्रामांतील जुन्या मूर्ती काचेच्या कपाटात ठेवताना हा भेद आपणही ध्यानात घ्यावा.

प्यूजिन १८५२ साली निवर्तले. क्रिस्टल पॅलेस पुढे सिडनहॅम येथे हलविण्यात आला आणि १९३६ साली आगीत नष्ट झाला. ते बाप्तिस्माकुंड मात्र रॅम्सगेट येथील प्यूजिन यांनीच बांधलेल्या संत ऑगस्टीन यांच्या मंदिरात गेले. प्रदर्शनात ते पाहिले गेले. मंदिरात त्यात पाणी भरले गेले.