निषेधाचं गाणं ओळखायचं कसं?

'युद्धविरोधी गाणी' असा विषय घेतलात की गाइड पहिल्यांदा विचारणार: विरोध नेमका कुठे आहे, दाखवा. आपण बहुतेक वेळा शब्दांकडे बोट दाखवतो. सोल संगीतात त्यासाठी एडविन स्टारचं 'वॉर' (१९७०) हाताशी असतंच. हे गाणं आधी 'टेम्प्टेशन्स'नी गायलं होतं, पण त्यांचा श्रोता दुखावेल या भीतीने मोटाउन कंपनीने ते सिंगल म्हणून काढलं नाही. मग ते स्टारने गायलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मला ते घोषणेसारखं वाटतं. एकदा पटलं की परत ऐकायला फार काही उरत नाही.

त्यापेक्षा पुढच्या वर्षीचं फ्रेडा पेनचं 'ब्रिंग द बॉइज होम' बघा. मुलांना घरी आणा, एवढंच मागणं. तरी अमेरिकी लष्कराच्या रेडिओवर त्याला बंदी आली! म्हणजे गाणं कोणाच्या कानावर पडतंय, यावरही विरोध ठरतो.

हीच कसोटी घेऊन भोर-वेल्ह्यात या. राजगड, तोरणा, रोहिड्याचा हा मुलूख. इथे लढाई म्हटलं की पोवाडा, डफावर, चारचौघांत. पण पुणे जिल्ह्याच्या याच डोंगरपट्ट्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी बायकांसोबत काम करताना जात्यावरच्या ओव्या जमवल्या. महाराष्ट्रभरचा तो संग्रह पुढे लाखावर गेला. त्यात रामायण येतं, पण लंका जिंकणाऱ्या रामापेक्षा बाईचा जीव सीतेच्या वनवासात जास्त अडकलेला. विजयानंतर घरात काय झालं, ते ती गाते.

याला 'युद्धविरोधी' म्हणायचं? मी म्हणणार नाही. तिचा राग नवऱ्यावर, सासरवर आहे, रणांगणावर नाही. फ्रेडा पेनशी तिचं नातं आहे ते घरातून हिशेब मांडण्यापुरतं. आणि ऐकणारं कोण? पहाटे जात्याला हात लावणारी जाऊ, नणंद. तिथे बंदी कोण घालणार? त्यामुळे बंदीचा कागद हा पुरावाही इथे मिळत नाही.

अजून एक अडचण. ओवीखाली गायिकेचं नाव, गाव सापडतं. ती कधी रचली गेली ते नाही. प्रबंधातल्या तक्त्यात 'वॉर'शेजारी ओवी ठेवलीत तर सालाचा रकाना रिकामा सोडा. अंदाजाने 'व्हिएतनामच्या काळातली' वगैरे लिहू नका.